गाइडची पोथी

मराठीत कीर्तनाचा अभ्यास झाला, पोवाड्याचा झाला, बखरींवर तर ग्रंथांमागून ग्रंथ निघाले. लळित, भारूड, दशावतार यांनाही अभ्यासक लाभले. परंतु आजचा मध्यमवर्गीय मराठी माणूस शाळा सुटल्यानंतर इतिहास म्हणून जे काही कानांनी ऐकतो, त्यातला बराच भाग ज्याच्या तोंडून येतो त्या गाइडच्या कथनाकडे वाङ्मयप्रकार म्हणून कोणी पाहिल्याचे माझ्या वाचनात नाही. आग्रा, फत्तेपूर सिक्री, जयपूर, हंपी, विजापूर, तंजावर या गावांना मराठी माणसे बस भरभरून जातात. सकाळी नाश्त्याला पोहे, दुपारी सोबतच्या आचाऱ्याने केलेली पोळी-भाजी, आणि मधल्या वेळेत एक अनोळखी गृहस्थ हातात छत्री उंच धरून तीनशे किंवा हजार वर्षांची हकिगत पाऊण तासात सांगतो. ही हकिगत घेऊन माणसे घरी येतात आणि पुढे नातवंडांना तीच सांगतात.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. कल्याणला एका दुकानात हिशेब लिहिण्याचे काम केले, वाचन वाचनालयाच्या जोरावर झाले. १९९७ पासून आजवर अशा अकरा सहली केल्या आणि प्रत्येक ठिकाणी गाइड जे बोलला ते शक्य तितके त्याच्याच शब्दांत वहीत उतरवले. अशा सात वह्या झाल्या आहेत. सहप्रवाशांनी माझे नाव ‘चित्रगुप्त’ ठेवले होते. बसमध्ये अंताक्षरी चालू असताना मी मागच्या सीटवर नोंदी पक्क्या करीत असे. या लेखाचा आधार म्हणजे त्या वह्या आणि त्यांच्यासोबत ठेवून वाचलेली पुस्तके.

गाइडच्या चुका पकडणे हा उद्योग सोपा आहे आणि फारसा उपयोगाचा नाही. सनावळीची चूक तर प्राध्यापकही करतात. मला विचारायचे ते वेगळेच. हे कथन कसे बांधलेले असते, त्याचे पूर्वज कोण, ते ऐकल्यावर समोरचा दगड जास्त दिसतो की कमी दिसतो?

पूर्वजांपासून सुरुवात करू. मराठीत स्थळवर्णनाच्या दोन जुन्या वाटा आहेत. एक महानुभावांची. चौदाव्या शतकातली ‘स्थानपोथी’ ही माझ्या मते मराठीतली पहिली प्रवासी मार्गदर्शिका होय. चक्रधरस्वामी आणि गोविंदप्रभू जिथे जिथे राहिले, बसले, जेवले, त्या जागांची ती टिपणे आहेत. देवळाचे दार कोणत्या दिशेला, ओटा कुठे, विहीर कोणत्या अंगाला, गावापासून वाट कशी, हे सारे कोरडेपणाने नोंदवलेले. लिहिणाऱ्याला स्थळ भक्तीसाठी हवे आहे, म्हणूनच ते नेमके हवे आहे. जागा दोन हात चुकली तर नमस्कारही चुकेल. भक्तीतून इतकी काटेकोर नजर निघू शकते, हे आपण पुढे विसरून गेलो.

दुसरी वाट माहात्म्यांची आणि कथांची. तिचा उत्तम नमुना वेरूळच्या कैलासाबद्दल मिळतो. कृष्ण याज्ञवल्की या कवीच्या ‘कथाकल्पतरू’त एक गोष्ट आहे. अलजपूरचा राजा आजारी पडतो. राणी नवस करते, की राजा बरा झाला तर देऊळ बांधीन आणि देवळाचे शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा होतो. आता देऊळ पायापासून बांधायचे तर शिखरापर्यंत पोचायला वर्षे जाणार, तोवर राणी उपाशी मरणार. कोणालाच मार्ग सुचेना. तेव्हा पैठणचा कोकस नावाचा कारागीर पुढे येतो आणि आठ दिवसांत शिखर दाखवतो, कारण तो डोंगर वरून खाली कोरीत येतो.

वेरूळला मी ही गोष्ट दोनदा ऐकली. एकदा गाइडने राजाचे नाव सांगितले नाही, एकदा कोकसाचे. पण गाभा तोच होता, आणि छापील पुस्तक त्याने पाहिले असेल असे मला वाटले नाही. इतिहास म्हणून पाहिले तर कैलास आठव्या शतकातला, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या नावाशी जोडलेला. तिथे अलजपूरच्या राणीला जागा नाही. आणि तरीही ही गोष्ट मी पहिल्या प्रतीची मानतो, कारण कैलासाबद्दलची सर्वांत महत्त्वाची तांत्रिक बाब तिच्या पोटात आहे: हे देऊळ बांधलेले नाही, वरून खाली कोरलेले आहे. गोष्ट ऐकलेला माणूस आपोआप मान वर करून शिखराकडे पाहतो, मग नजर खाली आणतो, म्हणजे कारागीर ज्या क्रमाने उतरला त्याच क्रमाने. बडोद्याला मिळालेल्या नवव्या शतकाच्या आरंभीच्या राष्ट्रकूट ताम्रपटातही हे देऊळ पाहून देव थक्क झाले आणि खुद्द शिल्पीलाच आपण हे कसे केले याचे नवल वाटले, अशा आशयाचे वर्णन आहे. ताम्रपटाचा कवी आणि आजचा वेरूळचा गाइड यांच्यात अकराशे-बाराशे वर्षे आहेत, नवल मात्र एकच.

यावरून एक कसोटी हाती येते. गोष्ट खरी की खोटी हा प्रश्न आहेच, पण त्याच्या शेजारी दुसरा प्रश्न ठेवावा: ही गोष्ट ऐकून माणूस दगडाकडे वळतो की दगडाकडे पाठ करतो?

या कसोटीवर ताजमहाल फार वाईट उतरतो. वास्तू नव्हे, कथन. माझ्या वह्यांत ताजची चार कथने आहेत, चार वेगवेगळ्या गाइडांची, १९९९ ते २०१९ या काळातली. चारही जवळजवळ शब्दशः सारखी आहेत. वीस हजार मजूर, बावीस वर्षे, कारागिरांचे तोडलेले हात, यमुनेपलीकडचा नियोजित काळा ताज. यातले वीस हजार आणि बावीस हे दोन्ही आकडे आणि काळ्या ताजची कल्पना टॅव्हर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याच्या सतराव्या शतकातल्या प्रवासवर्णनातून आलेली आहेत. एका व्यापाऱ्याने ऐकीव म्हणून लिहिलेली बाब पुढे इंग्रजी प्रवासी पुस्तकांत गेली आणि तिथून गाइडच्या जिभेवर. पलीकडच्या मेहताब बागेत पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले तेव्हा काळ्या ताजचा पाया मिळाला नाही, अष्टकोनी जलाशय आणि बाग मिळाली. म्हणजे पलीकडच्या काठावरून पाण्यात ताजचे प्रतिबिंब पाहायची सोय शहाजहानने केली होती. ही गोष्ट काळ्या ताजपेक्षा कितीतरी सुंदर आहे! पण ती सांगायला गाइडला प्रवाशांना नदीच्या दिशेने उभे करावे लागेल, आणि तेवढा वेळ कार्यक्रमपत्रिकेत नसतो.

तोडलेल्या हातांना कसलाही पुरावा नाही. उलट ताजगंज ही कारागीर-व्यापाऱ्यांची पेठ ताजच्या आखणीचाच भाग होती आणि ती वस्ती आजही नांदते आहे. तरीही ही दंतकथा मरत नाही. लोक म्हणतात, गाइड सनसनाटीसाठी सांगतो. मला वाटते तिच्यामागे आणखी काही असावे. इतक्या मोठ्या कामावर राबलेल्या माणसांचे काय झाले, हा प्रश्न सामान्य प्रवाशाच्या मनात येतोच, आणि गाइडच्या पोथीत मजुरासाठी दुसरी कोणती जागाच नाही. राजा, राणी, सेनापती यांना नावे आहेत. मजूर येतो तो फक्त हात तुटण्यासाठी. गवंड्यांनी दगडांवर कोरलेल्या खुणा ताजच्या आवारात आहेत, पण त्या दाखवण्यासाठी थांबलेला गाइड मला चारांपैकी एकही भेटला नाही.

आता आग्ऱ्याचा किल्ला. इथे मराठी प्रवाशाचा खरा मामला सुरू होतो.

अमरसिंह दरवाजाबाहेर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. तिथे गाइड विचारतो, “आप लोग महाराष्ट्र से हैं ना?” हो म्हटले की आवाज बदलतो. आत गेल्यावर एखादी अंधारी कोठडी दाखवली जाते आणि महाराज इथे कैदेत होते असे सांगितले जाते. स्त्रिया हात जोडतात, कोणी घोषणा देतो, फोटो निघतात. मी एकदा मुद्दाम गटापासून मागे राहून राजस्थानातून आलेल्या मंडळींच्या गाइडचे ऐकले. त्याच दरवाजाशी त्यांना अमरसिंह राठोडाची कथा चालू होती: १६४४ साली भर दरबारात सलाबतखानाला मारल्याची आणि घोड्यासह तटावरून उडी घेतल्याची. उडी ही दंतकथा. सलाबतखानाचा खून मात्र खरा. दरवाजा एकच, गट बदलला की नायक बदलतो. कीर्तनकारही श्रोते पाहून आख्यान निवडतो, तेव्हा गाइडला दोष का द्यावा, असे कोणी म्हणेल. फरक असा की कीर्तनकाराच्या श्रोत्यांना आपण आख्यान ऐकतो आहोत हे ठाऊक असते.

महाराज आग्ऱ्याच्या किल्ल्यात कैद नव्हते. १२ मे १६६६ रोजी ते दरबारात आले ते किल्ल्यात. त्यानंतर त्यांच्यावर पहारा बसला तो शहराबाहेर रामसिंहाच्या डेऱ्यांजवळच्या मुक्कामात. फुलादखान कोतवालाची माणसे सभोवती होती. या तीन महिन्यांची सर्वांत जवळची साक्ष आंबेरच्या माणसांनी आग्ऱ्याहून आपल्या दिवाणाला लिहिलेल्या राजस्थानी पत्रांत आहे. सर जदुनाथ सरकार आणि रघुवीर सिंह यांनी ती प्रसिद्ध केली. या पत्रांत परकालदासासारखा लेखक दरबारातला प्रसंग जवळजवळ डोळ्यांनी पाहिल्यासारखा सांगतो: आपल्यापुढे कोण उभा आहे म्हणून विचारणे, जसवंतसिंहाचे नाव ऐकताच संतापणे, खिलत नाकारणे, बाजूला जाऊन बसणे. पुढे रामसिंहाने दिलेला जामीन, सोबतच्या माणसांना परत पाठवायची मागितलेली परवानगी, तासातासाला बदलणाऱ्या अफवा. हे सारे वाचताना अंगावर काटा येतो. त्यापुढे ती कोठडी म्हणजे सिनेमाचा सेट आहे.

शिवाय कोठडीच्या कथेने एक जबरदस्त योगायोग झाकला जातो. याच किल्ल्यात मुसम्मन बुर्जावर शहाजहानची कैद दाखवतात. दोन्ही कैदा अर्ध्या तासात दाखवल्या जातात आणि दोहोंचा संबंध कोणी सांगत नाही. शहाजहान वारला जानेवारी १६६६ मध्ये. बाप जिवंत असेपर्यंत औरंगजेब आग्ऱ्याला येणे टाळत होता. तो गेल्यावर आला आणि दरबार आग्ऱ्यात भरला. महाराज आले ते त्यानंतर चार महिन्यांच्या आत. शहाजहान आणखी वर्षभर जगता, तर आपल्या क्रमिक पुस्तकांत ‘आग्ऱ्याहून सुटका’ हा धडा कदाचित वेगळ्याच गावाच्या नावाने असता. आणि महाराज आग्ऱ्यात होते त्या उन्हाळ्यात यमुनाकाठी ताज पूर्ण उभा होता, त्यात दुसरी कबर ताजी होती. ‘मुघल’ आणि ‘मराठे’ अशा दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवलेले दोन प्रसंग एका नदीकाठी, एका वर्षात घडलेले आहेत, हे समजायला एका वाक्याची गरज आहे. ते वाक्य मी अकरा सहलींत ऐकलेले नाही.

२०१९च्या सहलीत त्या गाइडला मी चहाच्या टपरीवर गाठले. पन्नाशीचा, इंग्रजी-हिंदी उत्तम, वाचलेला माणूस. पत्रांबद्दल विचारले तर त्याला जदुनाथ सरकारांचे नाव ठाऊक होते. मग कोठडी का दाखवता, असे विचारल्यावर तो शांतपणे म्हणाला, “साहब, आप लोग रोने के लिए कोई जगह माँगते हैं। मैं जगह दे देता हूँ।” यापुढे माझ्याकडे वाद नव्हता. मागणी आपलीच आहे. आग्ऱ्याला जाणारा मराठी गट वास्तू पाहायला जात नाही, तो साक्ष द्यायला जातो, आणि साक्षीला जागा लागते. जागेची भूक स्थानपोथीच्या लेखकालाही होती. तो मात्र खरी जागा सापडेपर्यंत पायपीट करीत राहिला असता.

हंपीला नेमके उलटे घडते. विठ्ठल मंदिरात दगडी रथाभोवती (पन्नास रुपयांच्या नोटेवरचा तोच) फोटोंची झुंबड असते, संगीतस्तंभांना आता हात लावू देत नाहीत म्हणून हळहळ होते. मग मराठी गट पाहून गाइड गाभाऱ्याकडे नेतो. गाभारा रिकामा. तो सांगतो: राजाने पंढरीचा विठोबा इथे आणला होता, तुमच्या भानुदासांनी परत नेला. भानुदास म्हणजे एकनाथांचे पणजोबा. ही कथा महिपतीच्या ‘भक्तविजया’त आहे, वारकऱ्यांच्या घराघरात आहे. इतिहासाच्या बाजूने तिच्यावर शंका घेता येतात. १५१३च्या शिलालेखांत कृष्णदेवरायाने आणि त्याच्या राण्यांनी याच देवळाला केलेली दाने आणि बांधलेली गोपुरे नोंदलेली आहेत, म्हणजे इथे देवाची स्वतंत्र, भरभक्कम व्यवस्था होती. ग. ह. खरे यांनी पंढरपूरच्या विठ्ठलावर लिहिले, रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल: एक महासमन्वय’मध्ये दक्षिणेचा सगळा धागा उकलला. ज्यांना खोलात जायचे त्यांनी तिथे जावे. मला सांगायचे ते इतकेच, की या गोष्टीने रिकामा गाभारा भरला. एरवी ज्या अंधाऱ्या चौकोनाकडे कोणी ढुंकून पाहिले नसते, तिथे आमच्या गटातल्या एक आजी पाच मिनिटे उभ्या राहिल्या. त्यांनी फोटो काढला नाही. नंतर बसमध्ये त्यांनी विचारले, “मग इथल्या लोकांचा देव कुठं गेला?” असा प्रश्न ज्या गोष्टीतून निघतो, ती गोष्ट मी कोठडीच्या पंक्तीला बसवणार नाही.

पानिपतचे फार सांगत नाही. ‘काला आंब’च्या आवारात रक्ताने काळ्या पडलेल्या आंब्याची गोष्ट सांगतात आणि १४ जानेवारी १७६१ चा दिवस आठवून मराठी गट आपोआप गप्प होतो. तिथे गाइडला करण्यासारखे थोडेच असते. सपाट शेत आहे आणि एक स्तंभ. विजापूरला ‘साठ कबर’ दाखवताना अफजलखानाने निघण्यापूर्वी आपल्या बायका मारल्याची कथा रंगवून सांगतात. ती मी एकाच सहलीत ऐकली आणि पुन्हा ऐकू नये असे वाटले. कबरींच्या ओळींसमोर हशा होतो, तेव्हा काहीतरी फार चुकलेले असते.

तंजावर मात्र सोडून चालणार नाही. बृहदीश्वराच्या आवारात भिंतीवर मराठी मजकूर कोरलेला आहे. सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास इथे दगडावर घातला. एका चोळ देवळाच्या भिंतीवर, तामीळ शिलालेखांच्या शेजारी, देवनागरीत, मराठीत. आमचा गाइड तामीळ होता, इंग्रजीत बोलत होता. त्याने “लाँगेस्ट मराठी इन्स्क्रिप्शन” एवढे म्हणून हात केला आणि गोपुराच्या सावलीकडे, म्हणजे ती जमिनीवर पडत नाही या दंतकथेकडे, वळला. ती पडते, दुपारी चारला आम्ही तिच्यातच उभे होतो. आमच्या गटात चव्वेचाळीस मराठी माणसे होती. मी भिंतीशी थांबलो आणि एक ओळ मोठ्याने लावून वाचू लागलो. जुने वळण, मधूनच अडत होतो. दोन शिक्षिका परत आल्या. मग एक निवृत्त पोस्टमास्तर. एकाला अडलेला शब्द दुसऱ्याला लागत होता. सात-आठ मिनिटांनी सहल-व्यवस्थापकाची शिट्टी झाली, कारण सरस्वती महाल ग्रंथालयाची वेळ साधायची होती. सहलीत मी गाइडशिवाय पाहिलेले ते एकमेव स्मारक, आणि तेच सर्वांत जास्त बोलले. गाइडच्या कथनाचे दोष आपण मोजतो, पण समोरचा मजकूर आपल्याच भाषेत असताना तो वाचायची सवय आपल्याला नाही, हा दोष कोणाचा?

कार्यक्रमपत्रिकेची भाषाही या पोथीचाच भाग समजावी. ‘सिकंदरा (बाहेरून)’, ‘किल्ला (आत)’, ‘स्थलदर्शन समाविष्ट’. दर्शन हा शब्द देवळातून पर्यटनात आला तो आपले नियम घेऊन आला. दर्शन क्षणाचे असते, रांग पुढे सरकावी लागते, आणि दर्शन घेणारा देवाला प्रश्न विचारत नाही. अकबराची कबर ‘बाहेरून’ पाहिल्याने दर्शनाचे पुण्य कदाचित लागत असेल; वास्तू म्हणून ती पाहिली असे होत नाही.

आणि एक शब्द या भाषेतून गळाला आहे. तो शब्द म्हणजे ‘म्हणे’. मराठीत ऐकीव गोष्ट सांगताना आपण सहज ‘म्हणे’ लावतो. राजा होता म्हणे, त्याला सात राण्या होत्या म्हणे. आजीच्या गोष्टीत तो आहे, गावगप्पेत आहे. हे अव्यय म्हणजे सामान्य माणसाची संशोधनपद्धती आहे. ‘म्हणे’ लावला की गोष्ट टिकते, आणि तिच्या खरेपणाची जबाबदारी सांगणाऱ्याच्या डोक्यावर बसत नाही. माझ्या सात वह्यांतल्या मराठी निवेदनांत, म्हणजे सहल-व्यवस्थापक हिंदीचे मराठी करून सांगतो त्यात, हा शब्द मी शोधत गेलो. तो नऊ वेळा आला आहे, आणि त्यातला सहा वेळा भुतांबद्दल.

याची तुलना महानुभावांच्या ‘लीळाचरित्रा’शी करून पाहावी. म्हाइंभटांनी गोळा केलेल्या लीळांची मूळ पोथी पुढे धामधुमीत हरवली आणि ती स्मरणातून पुन्हा बांधावी लागली. एकाची आठवण दुसऱ्याशी जुळेना. तेव्हा त्यांनी काय केले? एक आठवण ठेवून बाकीच्या फेकल्या नाहीत. हिराइसेचा पाठ असा, परशरामबासांचा शोध असा, अशा नावानिशी नोंदी ठेवल्या. सातशे वर्षांपूर्वी, ज्या वचनांवर मोक्ष अवलंबून होता त्या वचनांच्या बाबतीत, मराठी माणसांनी मतभेद पोथीतच जपला. इतिहासाबद्दल एकच गोष्ट, एकाच आवाजात, घट्ट करून सांगितली पाहिजे, ही सवय त्यामुळे मला मराठी परंपरेतली वाटत नाही. ती फार अलीकडची आहे.

हे आत्ता लिहायचे कारण आहे. जून २०२५ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून शिवचरित्राशी जोडलेल्या स्थळांची खास पर्यटक रेल्वे सुटली: रायगड, शिवनेरी, प्रतापगड, पन्हाळा आणि इतर ठिकाणे. पाठोपाठ ११ जुलैला महाराष्ट्रातले अकरा आणि तामिळनाडूतला जिंजी अशा बारा किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतले. म्हणजे येत्या काही वर्षांत या किल्ल्यांवर शेकडो नवे गाइड उभे राहणार, फलक लागणार, कानात घालून ऐकायची निवेदने तयार होणार. आग्ऱ्याची पोथी तयार व्हायला तीनशे वर्षे लागली, टॅव्हर्निएपासून चहाच्या टपरीपर्यंत. रायगडची पोथी आता दोन-तीन वर्षांत लिहिली जाईल, आणि एकदा पाठ झाली की ती बदलणे किती अवघड असते ते ताजवर दिसतेच. गडावरच्या गाइडांपैकी पुष्कळ जण खालच्या वाड्यांतली तरुण मुले असतील. घरचा डोंगर त्यांच्या पायाखालचा आहे, टाके कुठले आटते आणि कुठले नाही हे त्यांना ठाऊक आहे. ते त्यांच्या कथनात येऊ द्यायचे, की कोणीतरी पुण्या-मुंबईत लिहिलेली चार पाने त्यांच्याकडून घोकून घ्यायची? माझा कौल टाक्यांच्या बाजूने आहे. गडाला पाणी कसे पुरले हे कळल्यावाचून वेढा म्हणजे काय ते कळत नाही.

आणि आमचे टिटवाळे. महागणपतीला मुंबई-ठाण्याहून अंगारकीला माणसांचा पूर येतो. इथली पोथी सांगते की काळू नदीच्या या परिसरात कण्वमुनींचा आश्रम होता; दुष्यंताने ओळख विसरल्यावर शकुंतलेने इथल्या गणपतीची आराधना केली आणि तिचा संसार पुन्हा जुळला. म्हणून लग्न जमावे यासाठी लोक इथे नवस बोलतात. दुसरी कथा पेशवाईची: माधवरावांच्या काळात दुष्काळ पडला, तळ्यातला गाळ काढताना मूर्ती सापडली. आता कालिदासाच्या नाटकात आश्रम मालिनी नदीच्या काठी, हिमालयाच्या पायथ्याशी आहे, आणि त्यात गणपती कुठेच नाही. महाभारतातल्या शकुंतलेला शाप नाही, अंगठीही नाही. ती भर दरबारात स्वतःच भांडते. मला तर तीच जास्त आवडते. पण नवऱ्याने ओळख नाकारलेल्या बाईची गोष्ट एका गावाने आपल्या देवाशी जोडून घेतली, आणि त्या देवाकडे संसार मोडलेल्या बायका येऊन बसतात, हे शतकाच्या हिशेबात कसे बसवायचे?

गेल्या वर्षी इथल्या एका शाळेने नववीच्या मुलांना गावची ऐतिहासिक फेरी घडवायला मला बोलावले. आयुष्यात पहिल्यांदा छत्री माझ्या हातात आली. बाईंनी आधीच हळूच सांगितले, “काका, शंका नकोत हं, नुसती गोष्ट सांगा.” स्टेशन, देऊळ, तळे, नदीचा काठ असा दीड तासाचा रस्ता. तळ्याच्या पायरीवर मुलांना बसवून मी शकुंतलेची कथा सांगितली, प्रत्येक वाक्याला ‘म्हणे’ लावून. मग कालिदासाची सांगितली, मग महाभारतातली. तिसऱ्या शकुंतलेवर मुली पुढे सरकून बसल्या. मग गाळ आणि पेशवे. एक मुलगी म्हणाली, “काका, म्हणे म्हणजे कोण म्हणे?” मी म्हटले, हे तुम्ही घरी विचारून या, नाव लिहून आणा.

एकतीस मुलांनी आणले. काहींच्या आज्यांना शकुंतला ठाऊकच नव्हती, त्यांच्यासाठी हा गाळातून वर आलेला देव होता. दोन मुले नाशिककडून आलेल्या कुटुंबांतली, त्यांच्या घरी टिटवाळ्याची कोणतीच गोष्ट नव्हती, तसे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले होते. एका मुलाच्या आजोबांनी सांगितले की तळ्याचा गाळ त्यांनी स्वतः काढला आहे, मजुरीवर. त्यांना मूर्ती मिळाली नाही, खापरे मिळाली, ती त्यांनी बाजूला टाकली. आठव्या वहीत मी हे पाठ सांगणाऱ्यांच्या नावानिशी उतरवले आहेत. आजोबांना विचारून खापरे नेमकी कोणत्या बाजूला टाकली तेही लिहून घेतले, पायरीपासून किती पावलांवर ते.